आमच्या हॉस्टेलचा पोलीस चुकीच्या दाराशी उभा आहे

मराठी विभागासाठी काहीतरी लिही, असं संपादक मंडळातल्या ताईने सांगितलं तेव्हा आधी मला घामच फुटला. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. तिथे कॉरिडॉरमधे मराठी बोललं की एक रुपया दंड! त्यामुळे मराठी बोलते फाडफाड, पण लिहायला बसले की ऱ्हस्व-दीर्घाची बोंब. तेव्हा मित्रमैत्रिणींनो, चुका पोटात घाला. पण हे भांडण मला मराठीतूनच करायचंय, कारण इंग्रजीत मी उगाच फार सभ्य होते.

भांडण आहे हॉस्टेलच्या नेटवरून.

आता "नेट स्लो आहे" ही तक्रार म्हणजे "मेसची भाजी पाणचट आहे" सारखीच. सगळे करतात, कोणी ऐकत नाही. मीही केली असती आणि विसरले असते. पण सप्टेंबरमधे माझ्या रूममेटची एका कंपनीची ऑनलाइन टेस्ट होती. अशा टेस्टला वेबकॅम सतत चालू लागतो, म्हणजे आपला व्हिडिओ इथून तिकडे जात राहिला पाहिजे. बाराव्या मिनिटाला तिचा कॅमेरा गोठला. एक वॉर्निंग, दुसरी वॉर्निंग, आणि तिसऱ्यांदा पेपर आपोआप सबमिट! दोन महिने रात्री जागून केलेला अभ्यास. ती रडली वगैरे नाही. बादली उचलली आणि कपडे धुवायला गेली.

मला खटकलं ते वेगळंच. त्याच वेळी समोरच्या रूममधे एक साउथचा सिनेमा एचडीमधे मस्त चालू होता, एकदाही न अडकता. एकच मजला, एकच स्विच. मग सिनेमाला रस्ता मोकळा आणि परीक्षेला नाकाबंदी, हे कसं?

आमच्या नेटवर्क लॅबचे सर फार चांगले आहेत. (हे मार्कांसाठी नाही, खरंच.) त्यांच्या मागे लागून लागून आमच्या मजल्यावरच्या स्विचचं कॉन्फिगरेशन बघायला मिळालं. स्विच कॅटॅलिस्ट २९६० जातीचा, २४ पोर्टांचा, प्रत्येक रूमला एक पोर्ट. आणि प्रत्येक पोर्टवर एक पॉलिसी लावलेली. त्यातली मुख्य ओळ देवनागरीत लिहायची तर अशी: पोलीस १०००००० ८००० एक्सीड-अ‍ॅक्शन ड्रॉप. कमांडचं नावच पोलीस आहे, मी बनवलेलं नाही! पहिला आकडा वेग, बिट्स पर सेकंदमधे, म्हणजे १ एमबीपीएस. दुसरा आकडा बर्स्ट, आणि तो मात्र बाइट्समधे. एकाच ओळीत दोन वेगळी मापं. व्हायव्हाला विचारतात हे, लक्षात ठेवा.

बर्स्ट म्हणजे काय ते मेसच्या भाषेत सांगते. समजा मेसच्या दारात एक डबा आहे आणि त्यात ठराविक वेगाने कुपनं पडताहेत. डब्यात मावतील तेवढीच साठतात, जास्तीची वाया. जो येईल त्याने कुपन उचलायचं आणि जेवायचं. डबा पाच कुपनांचा असेल आणि दहा जण एकदम आले, तर पाच जेवतील. उरलेल्या पाचांना "थांबा, रांग लावा" असं म्हटलं तर त्याला शेपिंग म्हणतात. आणि "चला, निघा" म्हणून हाकलून दिलं तर ते पोलिसिंग. स्विचवर रांग लावायची फारशी जागा नसते, म्हणून तो हाकलतो. पॅकेट ड्रॉप.

आमचा डबा ८००० बाइट्सचा. इथरनेटचं एक पूर्ण पॅकेट साधारण १५०० बाइट्सचं, म्हणजे जेमतेम पाच पॅकेट्स! ८००० ही या स्विचवर देता येणारी कमीत कमी किंमत आहे. कोणीतरी ठरवून दिली असेल असं मला वाटत नाही. प्रश्नचिन्ह दाबलं की रेंज दिसते, त्यातला पहिला आकडा टाकला आणि एंटर मारला असणार. वास्तविक सिस्कोच्याच कागदपत्रांत पोलिसिंगसाठी ढोबळ नियम दिलेला आहे: वेगाला ८ ने भागा आणि दीड सेकंदाने गुणा. १ एमबीपीएसला येतात १,८७,५०० बाइट्स. कुठे पावणेदोन लाखाच्या वर आणि कुठे ८०००!

यात टीसीपीचा स्वभाव आड येतो. पॅकेट हरवलं की टीसीपी समजतो, पुढे गर्दी आहे, आणि वेग निम्म्यावर आणतो. हा शहाणपणा त्याला १९८६ साली ठेच लागून आला. त्या ऑक्टोबरमधे लॉरेन्स बर्कले लॅब आणि बर्कले विद्यापीठ यांच्यामधला वेग ३२ केबीपीएसवरून चक्क ४० बिट्स पर सेकंदवर कोसळला होता. अंतर किती, तर ४०० यार्ड! मग व्हॅन जेकबसनने १९८८ च्या पेपरात उपाय मांडला. पण पाच पॅकेट्सच्या डब्यापुढे हा सभ्य टीसीपी सारखा घाबरत राहतो. सरांनी लॅबमधे तसाच स्विच काढून दिला आणि आम्ही आयपर्फने मोजलं. मर्यादा १ एमबीपीएसची, पण अपलोड निम्म्याच्या आसपास रेंगाळत होता. बर्स्ट वाढवला आणि लगेच मर्यादेपाशी पोचला. गूगलच्या लोकांनीही २०१६ च्या एका पेपरात जगभरातल्या पोलिसिंगचा अभ्यास मांडलाय. पोलिसिंग झालेल्या ट्रॅफिकमधे पॅकेट्स हरवण्याचं प्रमाण सरासरी सहापट निघालं.

पण खरी गंमत पुढेच आहे. या जातीच्या स्विचवर पोलिसिंग फक्त आत येणाऱ्या ट्रॅफिकवर लागतं. आत म्हणजे स्विचच्या आत, रूममधून स्विचकडे. म्हणजे आपला अपलोड! सिनेमा येतो तो उलट्या दिशेने, स्विचकडून रूमकडे, आणि तिकडे या पोलिसाची पाठ आहे. रूममधून सिनेमासाठी फक्त छोट्या छोट्या पोचपावत्या बाहेर जातात, त्यांना १ एमबीपीएस भरपूर झाला. थोडक्यात, डाउनलोडवाल्यांना आवरायला बसवलेला पोलीस डाउनलोडवाल्यांना अडवतच नव्हता. अडकत होतं कोण, तर वेबकॅमवर परीक्षा देणारी, रिपोर्ट अपलोड करणारी आणि रविवारी घरी व्हिडिओ कॉल लावून आजीला तोंड दाखवणारी.

मग हे आत्ताच का सुरू झालं? आम्ही एस.ई.ला असताना तर नीट चालायचं. त्याचंही उत्तर मिळालं. पॉलिसी जुनीच होती, पण स्विचवर एमएलएस क्यूओएस ही कमांड दिल्याशिवाय पोलीस नुसता ड्रेस घालून बसून असतो, काम करत नाही. मेच्या सुट्टीत रेक्टर ऑफिसच्या आयपी फोनचा आवाज तुटत होता म्हणून कोणीतरी ती कमांड दिली. फोन सुधारला. आणि तिकडे झोपलेला पोलीस जागा झाला! आपण काय जागं केलंय हे देणाऱ्यालाही कळलं नसणार.

आमच्या बी.ई.च्या एका ताईचं म्हणणं, लिमिटच काढून टाका. मला ते पटत नाही. लिमिट नसेल तर चार जणी मिळून अख्ख्या हॉस्टेलची लाइन भरून टाकू शकतात, आणि ते मी बघितलंय (त्या चारात एकदा मीही होते, असो). लिमिट हवंच. पण ते माणसागणिक हवं, बाहेर जाणाऱ्या गेटवेपाशी हवं, दोन्ही दिशांना हवं, आणि हाकलणारं नको, रांग लावणारं हवं. लिनक्सवर एफक्यू-कोडेल नावाची रांग फुकट मिळते, २०१८ मधे तिचा आरएफसीसुद्धा निघाला, ८२९० नंबरचा. कॉलेजला एक पैसा खर्च नाही. हल्ली देशात ब्रॉडबँड म्हणायला किमान २ एमबीपीएस डाउनलोड लागतो, ही व्याख्या जानेवारी २०२३ ची. एका रूममधे तिघी, आणि अपलोड सगळ्यांत मिळून १ एमबीपीएस, तोही कागदावर. हिशोब तुम्हीच करा.

"मग लॅबमधे जाऊन टेस्ट द्यायची ना," असं एका मित्राने मला ऐकवलं. तो देऊ शकतो बाबा. त्यांच्या हॉस्टेलला रात्री कोणी विचारत नाही. आम्हाला साडेआठचा इनटाइम आहे आणि टेस्टची वेळ बऱ्याचदा असते रात्री नऊची. त्यानंतर आमच्यासाठी कॉलेजचं नेट म्हणजे रूमच्या भिंतीतलं ते एक पोर्ट. म्हणून त्या पोर्टवर कोणता आकडा लिहिलाय, कोणी लिहिला आणि का लिहिला, हे आम्हाला माहीत असायला पाहिजे. मेसचा मेनू नोटीस बोर्डावर लागतो, गरम पाण्याची वेळ लागते, मग नेटचं लिमिट का नाही?

सरांनी एक गोष्ट लगेच केली. आमच्या मजल्यावरचा बर्स्ट वाढवला, माझ्या समोर, दोन मिनिटांत. बाकीचे तीन मजले अजून ८००० वरच आहेत, कारण ते स्विच त्यांच्या अखत्यारीत नाहीत, लेखी परवानगी लागते. गेटवेवर रांग लावायचा आमचा अर्ज रेक्टर मॅडमच्या टेबलावर आहे, छत्तीस सह्यांसकट. मॅडम म्हणाल्या, बघू. रूममेटची पुढची टेस्ट येत्या गुरुवारी आहे, रात्री नऊ वाजता. समोरच्या रूममधे जाऊन मी सांगून आलेय, की त्या रात्री एक तास सिनेमा बंद ठेवा. खरं तर सिनेमाने तिच्या टेस्टला काही फरक पडत नाही, हे मलाही माहीत आहे. पण हो म्हणाल्या बिचाऱ्या.