पट्टीचा पोहणारा देबूजी



२० डिसेंबर आला की गावोगाव खराटे निघतात. शाळेची मुलं रांगेने चौक झाडतात, फोटो काढले जातात आणि दुसऱ्या दिवशी चौक पुन्हा होता तसाच! गाडगेबाबांची पुण्यतिथी झाली. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात तर त्यांचं नाव मुलांच्या पदवीच्या कागदावरच छापून येतं, कारण आपली कॉलेजं त्यांच्याच नावाच्या अमरावती विद्यापीठाखाली आहेत. पण खराटा आणि डोक्यावरचं गाडगं यांपलीकडे हा माणूस घरी कसा होता, बाप म्हणून कसा होता, हे किती जणींना ठाऊक असतं? मलाही फार उशिरा कळलं.

अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावच्या परीट घरात २३ फेब्रुवारी १८७६ ला देबूजी जन्मला. वडील दारूपायी लवकर गेले. आई सखुबाई लेकराला घेऊन माहेरी, दापुऱ्याला आली. जवळच पूर्णा नदी. मामाची गुरं राखायची, सवंगडी जमवून भजन म्हणायचं आणि नदीत डुंबायचं, असं ते बालपण. पोरगा पट्टीचा पोहणारा निघाला. पुढे कीर्तनात हजारोंना बांधून ठेवणारा तो गळा आणि तो ताल गुरांमागेच तयार झाला. गाणं शिकवायला घरी मास्तर कुठून येणार!

१८९२ मध्ये कुंताबाईंशी लग्न झालं. मुलीचं बारसं आलं तेव्हा जातीच्या रिवाजाप्रमाणे दारू आणि मटणाचं जेवण व्हायला हवं होतं. देबूजींनी गोडाधोडाचं जेवण घातलं. भाऊबंद रुसले असतीलच. पण ज्याचा बाप दारूने गेला, तो स्वतःच्या लेकीच्या बारशाला दारू कशी वाढणार? मला तर त्यांचं पहिलं कीर्तन हेच वाटतं, आपल्याच अंगणातलं.

आणि मग १ फेब्रुवारी १९०५. देबूजींनी घर सोडलं. आई, बायको, मुली मागे राहिल्या. पुरुषमंडळी ही गोष्ट सांगताना 'संसाराचा मोह सोडला' म्हणून मोकळी होतात. मी मात्र इथे दर वेळी अडखळते. दुसऱ्या दिवशी सकाळी चूल कोणी पेटवली? मुलींनी 'बाबा कुठे गेले?' विचारलं, तेव्हा कुंताबाई काय बोलल्या असतील? बाबांचं मोठेपण मी तसूभरही कमी करत नाही. पण त्यातला निम्मा भार या बाईने उचलला आणि तिची पुण्यतिथी कोणी करत नाही, हे लिहिल्यावाचून राहवत नाही.

५ मे १९२३ ला बाबा कोकणात खारेपाटणला कीर्तनात होते. तिथे निरोप आला, मुलगा गोविंदा गेला. त्याला पिसाळलेलं कुत्रं चावलं होतं. असे कोट्यवधी जातात, एकासाठी काय रडायचं, अशा अर्थाचं काही बोलून त्यांनी कीर्तन पुढे चालवलं. ऐकणाऱ्यांनी हात जोडले. १९७७ च्या 'देवकीनंदन गोपाला' या चित्रपटात डॉ. श्रीराम लागूंनी बाबा उभे केले, तो पाहताना आमच्या शेजारच्या काकू म्हणाल्या होत्या, "अगं, तो रडला नसेल असं नाही. एकटा असताना रडला असेल." मला काकूंचंच पटतं.

(जाता जाता सांगते. कुत्रं चावलं तर मिरचीपूड, चुना, हळद काही लावू नका. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. लस तिथे मोफत मिळते. पुढच्या सुया चुकवू नका.)

बाबांचं सुरुवातीचं मोठं बांधकाम देऊळ नव्हे, घाट होता. पूर्णेकाठी ऋणमोचनला पौषातल्या रविवारी यात्रा भरते. काठ चिखलाचा, निसरडा; बायाबापड्या घसरायच्या. १९०८ च्या सुमारास बाबांनी तिथे घाट बांधून घेतला. म्हाताऱ्या सासूचा हात धरून पाण्यात उतरलेल्या बाईला विचारा, दगडाच्या एका पायरीची किंमत काय असते ते! पट्टीच्या पोहणाऱ्यालाच पाण्याचं भय नीट कळतं.

अकोला जिल्ह्यातल्या पिंजरच्या दीपक सदाफळे यांनी आपल्या बचाव पथकाला गाडगेबाबांचंच नाव दिलंय, ते उगीच नाही. नदीनाल्यात कोणी बुडालं की या जीवरक्षकांना बोलावणं जातं. पण पथक यायला वेळ लागतो. २८ सप्टेंबर २०२१ ला उमरखेडजवळ दहागावच्या पुरात एसटी वाहून गेली, तेव्हा दोघांना बाहेर काढलं ते काठावरच्या गावकऱ्यांनीच.

म्हणून घाटावर धुणं घेऊन जाणाऱ्या, पोरांना सोबत नेणाऱ्या बायकांनी एवढं ध्यानात ठेवावं. कोणी बुडताना दिसलं तर मागोमाग उडी टाकू नका. बुडणारा गळ्याला मिठी मारतो आणि दोघं जातात. ओरडून माणसं जमवा. काठावर पालथं पडून साडी, दोर, काठी फेका; झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅनही तरंगायला पुरतो. बाहेर काढल्यावर उलटं टांगून किंवा पोट दाबून पाणी काढत बसू नका. श्वास नसेल तर लगेच तोंडाने श्वास द्या, छाती दाबत राहा आणि दवाखान्यात न्या.

यंदाच्या पुण्यतिथीला आमच्या भजनी मंडळाच्या वर्गणीतून हारतुऱ्यांचे पैसे कमी करून एक जाड दोर आणि दोन कॅन आणायचे ठरले. "बाबांच्या पुण्यतिथीचा आणि दोराचा काय संबंध?" असं खजिनदार बाईंनी विचारलंच. मी त्यांना ऋणमोचनच्या घाटाची गोष्ट सांगितली. दोर आला. आता तो तळ्याच्या काठी कुठल्या झाडाला बांधायचा, यावर चर्चा चालू आहे.