जंतूंची सामाईक नोंदवही

१९९३ साली अमेरिकेच्या पश्चिम भागात अर्धकच्च्या हॅम्बर्गरमुळे ७०० हून अधिक लोक आजारी पडले. ४ मुले दगावली. वॉशिंग्टन राज्याने इशारा देईपर्यंत नेवाडात ही साथ कोणाच्या ध्यानातही आली नव्हती. म्हणून १९९६ मध्ये ‘पल्सनेट’ उभारले गेले. रुग्णांत सापडलेल्या जंतूंचे जनुकीय ठसे राज्योराज्यीच्या सरकारी प्रयोगशाळा तेव्हापासून एकत्र ताडून पाहतात. दूरदूरचे रुग्ण एकाच कारखान्याच्या मालाचे बळी आहेत हे त्यातूनच उघड होते. (कारखानदार ते आपणहून थोडेच सांगणार!) तरीही जुलै २०२५ मध्ये ‘फूडनेट’ या संलग्न योजनेतील सक्तीची देखरेख ८ जंतूंवरून २ वर आणली गेली. लिस्टेरिया, शिगेला आदी उरलेले काटकसरीचा हुकूम पाळणार आहेत काय?