इटालिक : तिरपे अक्षर नव्हे, धावते अक्षर

१/ इटालिक अक्षराविषयी एक समजूत फार प्रचलित आहे : व्हेनिसचा मुद्रक आल्डस मॅन्युशिअस याने कागद वाचवण्यासाठी ते घडवले. माझ्या मते ही समजूत अपुरी आहे, आणि तिच्यामुळे या अक्षराचा मूळ स्वभाव झाकोळला जातो.

२/ पुरावा पुस्तकातच आहे. आल्डसने संपूर्णपणे इटालिकमध्ये छापलेले पहिले पुस्तक म्हणजे १५०१ सालचे व्हर्जिलचे काव्य. काव्यात प्रत्येक चरण स्वतंत्र ओळीत येतो. अक्षर कितीही अरुंद केले तरी ओळींची संख्या घटत नाही. लांब चरण लहान पानाच्या रुंदीत मावतो, एवढेच.

३/ मग हेच अक्षर का? पंधराव्या शतकातील इटालियन विद्वान प्राचीन ग्रंथ उतरवून घेताना एक प्रवाही हस्ताक्षर वापरत. बार्तोलोमेओ सानव्हितोसारख्या लेखनिकांनी त्या वळणाला कमालीचा डौल दिला. हातात सहज धरता येतील अशा लहान पुस्तकांची कल्पना बेंबो घराण्याच्या ग्रंथसंग्रहावरून सुचली, असे आल्डसनेच पुढे नमूद केले आहे. सारांश, छापील पानाला रसिकाच्या हस्तलिखिताची प्रतिष्ठा हवी होती.

४/ ते वळण पोलादी ठशांत उतरवले बोलोन्याच्या फ्रान्चेस्को ग्रिफोने. त्याची रचना बारकाईने पाहावी. लहान अक्षरे किंचित झुकलेली, अनेक ठिकाणी एकमेकांना जोडलेली. मोठी अक्षरे मात्र ताठ उभी! तिरपेपणा हेच इटालिकचे मर्म असते, तर ती उभी राहिली नसती. मर्म आहे ते लेखणीच्या गतीत. कल हा तिचा परिणाम.

५/ प्रारंभी सबंध पुस्तके इटालिकमध्ये छापली जात. सोळाव्या शतकाच्या ओघात ते रोमन अक्षराचे सोबती झाले : प्रस्तावना, अवतरणे, ग्रंथनामे आणि जोर द्यावयाचे शब्द यांच्यासाठी. स्वतंत्र घराणे असलेल्या अक्षराकडे आज दुय्यम काम उरले आहे.

६/ याचा आपल्याशी संबंध काय? संगणकावर देवनागरी शब्द निवडून आपण इटालिकची कळ दाबतो, तेव्हा बहुधा उभे अक्षरच यांत्रिकपणे कलते. त्यात कोणाच्याही हाताचा इतिहास नसतो. मराठीचे धावते अक्षर निराळे होते : बोरू न उचलता दफ्तरे भरणारी मोडी. तिचेही खिळे पाडले गेले. विल्यम कॅरीचा १८१० सालचा मराठी शब्दकोश मोडी टायपात छापला आहे. पुढे मात्र छापखान्याने बाळबोध स्वीकारली आणि मोडी मागे पडली.

७/ म्हणून माझे मत असे : मराठीत शब्दावर जोर द्यायचा असेल, तर ठळक अक्षर वा अवतरणचिन्ह पुरेसे आहे. आणि मराठीला स्वतःचे इटालिक घडवायचेच असेल, तर अक्षररचनाकारांनी देवनागरीला कलते करण्याआधी मोडीचे कागद उलगडावेत.