वजनकाट्याला न दिसणारी चरबी

अकोल्यात किंवा अमरावतीत पोटाची सोनोग्राफी करून आलेल्या माणसाच्या कागदावर 'फॅटी लिव्हर, ग्रेड वन' लिहिलेले असले, की घरात पहिला प्रश्न निघतो तो पिण्याचा. तो पीत नसेल आणि अंगाने किडकिडीत असेल, तर कागद पाकिटात परत जातो आणि तिथेच राहतो. हे दुर्लक्ष वऱ्हाडाला परवडणारे नाही.

चरबी म्हणजे नुसते कोठार, ही समजूत १९९४ सालीच मोडली. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने तेव्हा लेप्टिन शोधले. हे प्रथिन चरबीच्या पेशींतून रक्तात उतरते आणि अंगात साठा किती आहे ते मेंदूला कळवते. पाठोपाठ अ‍ॅडिपोनेक्टिन सापडले. त्याच्यामुळे यकृत साखर कमी बनवते आणि चरबी जाळते. पोटातली चरबी वाढली की लेप्टिन वाढते, पण मेंदू त्याला दाद देईनासा होतो. अ‍ॅडिपोनेक्टिन मात्र घटते. फुगलेल्या चरबीपेशींभोवती रोगप्रतिकारक पेशी जमतात आणि टीएनएफ-अल्फासारखी दाह वाढवणारी प्रथिने सोडतात. मग इन्सुलिनचे कोणी ऐकत नाही, चरबीतून मेदाम्ले सुटत राहतात आणि यकृतात साचतात. काही जणांत गोष्ट इथेच थांबत नाही. टीजीएफ-बीटा हे प्रथिन यकृतातल्या एरवी शांत असणाऱ्या ताराकृती पेशींना जागे करते आणि त्या व्रणाचे तंतू तयार करू लागतात. सिरोसिसकडे जाणारी वाट हीच, दारूचा थेंबही न घेता.

यासाठी माणूस लठ्ठ दिसावाच लागतो असे नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन यडकिन यांचे छायाचित्र २००४ साली 'लॅन्सेट'ने छापले. दोघांचा बीएमआय एकच, २२.३. अंगातली चरबी यडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२! बंगालमधल्या बीरभूमच्या खेड्यांत झालेल्या पाहणीचे निष्कर्ष २०१० साली आले. यकृतात चरबी असलेल्यांपैकी चारांतल्या तिघांचा बीएमआय २५ च्या खाली होता.

याज्ञिकांचे काम आणखी मागे, थेट जन्मापर्यंत जाते. पुण्याजवळच्या खेड्यांतले बाळ लंडनच्या बाळापेक्षा सुमारे सातशे ग्रॅमने हलके. पण पाठीवरची चरबी त्या मानाने टिकलेली, आणि नाळेच्या रक्तात इन्सुलिन जास्त. कमी पडले ते स्नायू आणि अवयव. हे वाचताना मेळघाट आठवल्याशिवाय राहत नाही. धारणी-चिखलदऱ्यातले कमी वजनाचे बाळ वाचले, की आपण सुटकेचा श्वास टाकतो. तेच बाळ चाळिशीत अमरावतीच्या दवाखान्यात यकृत घेऊन येऊ शकते, याचा विचार आजच व्हायला हवा. आईच्या पोटातल्या बाळाचे पोषण आणि फॅटी लिव्हर ही सरकारने दोन वेगळ्या खात्यांत ठेवण्याजोगी प्रकरणे नव्हेत.

केंद्राने फेब्रुवारी २०२१ मध्ये हा आजार असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतला. तिशीपुढच्या माणसांच्या कंबरेचे माप आशाताईंच्या फॉर्ममध्ये आजही भरले जाते. पुरुषाला ९०, बाईला ८० सेंटिमीटर ही मर्यादा. ती ओलांडलेल्या प्रत्येकाची, वजन कितीही असो, यकृताची दोन एन्झाइम आणि प्लेटलेट तपासल्या, तर वयाशी सांगड घालून 'फिब-४' हा आकडा काढता येतो. व्रणाचा धोका कोणाला, याचा पहिला अंदाज त्यावरून बांधता येतो आणि त्याला महागडे यंत्र लागत नाही. अकोल्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २००२ पासून आहे, अमरावतीचे २०२४ मध्ये सुरू झाले. आशाताईंनी भरलेले ते फॉर्म या दोन महाविद्यालयांनी मागवावेत आणि तपासण्या यंदाच सुरू कराव्यात.