मामांचा घडीचा कॅमेरा



मामींचं वर्षश्राद्ध आटोपलं, पाहुणे पांगले, आणि मी निघण्यासाठी पिशवी उचलली. तेवढ्यात मामांनी हाक मारली. "माळ्यावरचा तो पत्र्याचा डबा काढ." डब्यात धोतराच्या फडक्यात बांधलेला कॅमेरा होता. मामा म्हणाले, "हा तू घेऊन जा. माझे डोळे गेले, हातही थरथरतो. मी गेल्यावर पोरं भंगारात घालतील."

मामांनी तो शाळामास्तर असताना पुण्यात जुन्या बाजारातून घेतला होता. मिटलेला असला की पानाच्या डब्याएवढा दिसतो. वरचं बटण दाबलं की पुढची झडप पडते आणि भिंग खटकन पुढे येतं. भिंगाच्या मागे लोहाराच्या भात्यासारखी काळी घड्यांची पिशवी असते. तिलाही भाताच म्हणायला हरकत नाही. लोहाराचा भाता वारा भरतो, हा मात्र उजेड बाहेर ठेवतो. त्याचं काम तेवढंच. ना सेल, ना वीज.

जर्मनीतल्या झाइस इकॉन कंपनीचा हा 'नेटार' कॅमेरा. दुसऱ्या महायुद्धानंतर असे कॅमेरे स्टुटगार्ट शहरात तयार होत. कंपनीने 1972 साली कॅमेरे करणं बंद केलं. पण त्यात बसणारा 120 नंबरचा रोल अजून मिळतो. हा रोल कोडॅक कंपनीने 1901 साली काढला. फिल्म साधारण सहा सेंटिमीटर रुंद, आणि मामांच्या कॅमेऱ्यात तिच्यावर बारा चौकोनी फोटो निघतात. सव्वाशे वर्षांपूर्वीचं माप आजही चालू आहे! आपल्याकडे दहा वर्षांपूर्वीच्या पंपाचा वायसर मिळायची पंचाईत.

आता माझी चूक सांगतो. घरी आल्यावर उत्साहाच्या भरात मी कॅमेऱ्याची पाठ उघडली. आत कागद गुंडाळलेला दिसला आणि छातीत धस्स झालं. रोल भरलेला होता! पटकन पाठ मिटली. मग मागच्या लहान तांबड्या खिडकीची झाकणी सरकवली, तर आत 5 हा आकडा. जे आधी बघायचं ते मी नंतर बघितलं.

मामांना फोन केला. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "नव्वद सालच्या सुगीत भरला असेल. पुढे थोरल्याने रंगीत फोटोचा कॅमेरा आणला आणि हा राहूनच गेला. त्यात तुझी मामी असेल बघ."

मंडळी, त्या रात्री मला झोप लागली नाही. मामींचे फोटो घरात दोनच, एक लग्नातला आणि एक रेशनकार्डाच्या वेळचा.

दुसऱ्या दिवशी एका जाणत्या माणसाने धीर दिला. या रोलाच्या पाठीला काळा कागद असतो. फिल्म आणि कागद एकत्रच गुंडाळले जातात, त्यामुळे क्षणभर पाठ उघडली तर बहुधा कडा जळतात, आतले वेढे वाचू शकतात. खटका न दाबता चावी फिरवत राहायचं. आकडे संपतात, कागदाचं शेपूट सुटतं आणि चावी हलकी लागते. मग सावलीत पाठ उघडून, गुंडाळी सैल न सोडता, कागदाची पट्टी चिकटवायची. तसं केलं आणि रोल पुण्याला धाडला. तिथे काळ्या-पांढऱ्या रोलाचं काम करणारे अजून आहेत.

तीन आठवड्यांनी पाकीट आलं. पाचांपैकी दोनच फोटो उमटले होते, तेही धुरकट, कडेला उजेडाचे पट्टे आलेले. घेऊन मामांकडे गेलो.

पहिल्या फोटोत गोठ्यापुढे मामी. हातात चरवी, आणि तोंड गाईकडे. चेहरा दिसतच नाही. मी ओशाळलो. मामांनी फोटो डोळ्यांजवळ नेला आणि हसले. "कॅमेरा काढला की ती अशीच तोंड फिरवायची. हीच ती." मग तो उशाच्या पोथीत ठेवून दिला.

दुसरा फोटो खळ्यावरचा. बैलांची पात, मागे कडब्याची गंजी, आणि चार माणसं उभी. मामांनी आधी बैल ओळखला. "हा डावीकडचा ढवळ्या." मग माणसं. एक धाकटा भाऊ, एक शेजारचे तात्या, एक सालगडी. चौथा कोण? डोक्याला टोपी, हातात सूप, तोंडभर हसू. मामांनी पुष्कळ आठवून पाहिलं. तात्यांच्या मुलाला बोलावलं, म्हाताऱ्या चुलतीला दाखवलं. कोणालाच सांगता येईना. हा माणूस आपल्या खळ्यावर राबला, आपल्या घरची भाकरी जेवला, आणि त्याचं नाव आता कुणाला ठाऊक नाही.

मामा हळूच म्हणाले, "ती असती तर तिने सांगितलं असतं."

म्हणून मंडळी, आज एवढंच सांगणं आहे. घरातले जुने फोटो काढा. घरातल्या थोरल्या माणसापाशी बसा आणि प्रत्येक फोटोच्या पाठीवर नाव, गाव, साल लिहून घ्या. मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने लिहा. बॉलपेन नको, त्याचा वळ पुढच्या बाजूला उठतो. आणि सुनांना, लेकींनाही विचारा. कोण कोणाकडचं, हे त्यांच्या ध्यानात जास्त असतं.

कुणाच्या माळ्यावर असा घडीचा कॅमेरा असेल तर पाठ उघडण्याआधी तांबडी खिडकी बघा आणि चावी हलकेच फिरवून पाहा. जड लागली तर आत रोल आहे असं समजा. रोल नसेल तर अंधाऱ्या खोलीत बॅटरी पेटवून कॅमेऱ्याच्या आत धरा. भात्याच्या कोपऱ्यांतून चांदण्यांसारखे ठिपके दिसले तर भोकं पडली आहेत. आणि पावसाळ्यात चामड्याच्या कव्हरात ठेवू नका. चामडं ओल धरतं आणि भिंगाला बुरशी चढते. घट्ट झाकणाच्या डब्यात, औषधाच्या बाटलीत येणाऱ्या ओल शोषणाऱ्या पुड्या घालून ठेवा.

मामांच्या कॅमेऱ्यात मी आता नवा रोल भरला आहे. अंतर फुटांत अंदाजाने लावावं लागतं, ते मी पावलांनी मोजतो. पहिला फोटो मामांचाच काढला, ओसरीवर, ऊन माझ्या पाठीशी घेऊन. फोटो आला की पाठीवर नाव, गाव, साल लिहीन. आणि खळ्यावरच्या त्या फोटोमागे तीन नावं लिहिली आहेत. चौथ्याची जागा मोकळी सोडली आहे.