निकाल कीं कारण?

दूरचित्रवाणीवरील मालिकांविषयीं आपल्या सुशिक्षित वर्गांत दोन मतें रूढ आहेत. एक मत असें कीं, मालिका ही घटकाभर करमणुकीची बाब. तींत कोण मेला व कोणाचा घटस्फोट झाला यांवर शहाण्या माणसानें वाद घालणें म्हणजे वेळेचा अपव्यय होय. दुसरें मत असें कीं, मालिका प्रेक्षकांच्या जिवावर चालते, तेव्हां तींत काय घडावें हें ठरविण्याचा अधिकारहि प्रेक्षकांचाच. आम्हांस हीं दोन्ही मतें अमान्य आहेत. पहिलें आळसाचें आहे, दुसरें बाजाराचें. आणि या दोहोंच्या कात्रींत सांपडलेला खरा प्रश्न कोणीच विचारीत नाहीं, म्हणून हा लेखप्रपंच.

पहिल्या मताचा परामर्श थोडक्यांत घेतां येईल. ज्या कथा आजीपासून नातीपर्यंत सारें घर रोज अर्धा तास, वर्षानुवर्षें एकत्र बसून पाहतें, त्यांच्या बऱ्यावाइटाची चर्चा कमीपणाची कशी? नाटक-कादंबऱ्यांवर ग्रंथ लिहिणाऱ्या पंडितांनीं या कथांपुढें नाक मुरडावें, यांत रसिकता नाहीं. ज्या क्षेत्रांत टीकेची सर्वांत अधिक गरज आहे, तेथूनच टीकाकारानें काढता पाय घेतल्यासारखें तें आहे.

दुसरें मत अधिक घातक, कारण तें लोकमताचा वेष घेऊन येतें. 'क्योंकि सास भी कभी बहू थी' या हिंदी मालिकेंत २००१ सालीं मिहिर या नायकाचा मृत्यु दाखविण्यांत आला. प्रेक्षकांनीं आकाशपाताळ एक केलें. मग मिहिर मेलाच नव्हता, त्याची स्मृति तेवढी नष्ट झाली होती, असें निघालें आणि तो घरीं परतला. प्रेक्षकांस आनंद झाला हें खरें. परंतु या आनंदाची किंमत काय पडली? त्या घरांतील मरण हा मागें घेतां येणारा ठराव होऊन बसला. त्यानंतर तेथें कोणाचें निधन झालें, तर पाहणाऱ्यानें डोळे कां पुसावे?

हा रोग केवळ आपल्याकडचा नव्हे. अमेरिकेंतील 'डॅलस' या गाजलेल्या मालिकेंत बॉबी युइंग हा १९८५ सालीं मोटारीखालीं सांपडून मेला. पुढें ती भूमिका करणारा नट परत येण्यास राजी झाला, तेव्हां १९८६ सालीं काय उघडकीस आलें? तर मधल्या संपूर्ण वर्षाचे भाग म्हणजे बॉबीच्या पत्नीस पडलेलें स्वप्न होतें! वर्षभर ज्यांनीं त्या पात्रांबरोबर सुखदुःख भोगलें, त्यांचें सुखदुःखहि त्याबरोबर रद्द झालें.

आतां याच्या शेजारीं शेरलॉक होम्सचें उदाहरण ठेवा. कॉनन डॉयल यानें १८९३ सालीं होम्सला रायखेनबाखच्या धबधब्यांत लोटलें, वाचक खवळले, आणि १९०३ सालीं होम्स जिवंत परतला. म्हणजे येथेंहि लोकांचा हट्ट पुरविला गेलाच. पण कसा? वॉटसननें प्रेत पाहिलें नव्हतें. कड्याकडे गेलेलीं पावलें व एक चिठ्ठी एवढेंच त्यानें पाहिलें होतें. होम्सनें कुस्तीच्या डावानें मोरिआर्टीची मिठी सोडविली, आणि शत्रूच्या साथीदारांनीं आपल्याला मेलेलें समजावें म्हणून अज्ञातवास पत्करला. हा खुलासा कोणाला पटेल, कोणाला पटणार नाहीं. परंतु वाचकांस कारण देणें लागतों, ही जाणीव डॉयलनें सोडली नाहीं. सिद्धान्त निघतो तो एवढाच: प्रेक्षकाचा हक्क निकालावर नाहीं, कारणावर आहे. 'अमक्याला जगवा, तमकीला शिक्षा करा' असें फर्माविण्याचा अधिकार त्याला नाहीं. पण 'असें घडलें तर कां घडलें?' हें विचारण्याचा अधिकार त्याचा पुरा आहे, आणि तो त्यानें कोणालाहि विकूं नये.

दुर्दैव असें कीं, मालिकाकार पहिली मागणी तत्परतेनें पुरवितात आणि दुसरीकडे काणाडोळा करितात. 'होणार सून मी ह्या घरची' (२०१३–२०१६) या मराठी मालिकेंत जान्हवीचें बाळंतपण इतकें लांबलें कीं घरोघर तो थट्टेचा विषय झाला. त्या थट्टेंत अस्सल टीका होती. गांधारीचा गर्भहि दोन वर्षें राहिला होता. पण तेथें व्यासांचा वर आहे, कुंतीला पुत्र झाल्याची वार्ता ऐकून गांधारीनें आपल्या पोटावर केलेला आघात आहे, आणि त्या मत्सरांतच पुढच्या कुलक्षयाचें बीज आहे. जान्हवीच्या विलंबास कथेंत कारण नव्हतें. तें मालिका लांबविण्यांत होतें, आणि प्रेक्षकांनीं तें बरोबर ओळखलें.

विनोदी कथेसहि हा नियम चुकत नाहीं. 'हाउ आय मेट युवर मदर' या अमेरिकन मालिकेचा शेवट २०१४ सालीं झाला. तिच्या अखेरच्या वर्षांतील जवळजवळ सर्व भाग एका लग्नसोहळ्यांत खर्चीं पडले. आणि शेवटच्या भागांत तें लग्न कांहीं मिनिटांत मोडलें, जिच्या भेटीसाठीं सारी कथा सांगितली ती आई वारली, व नायक जुन्या प्रेयसीच्या दारीं गेला. मुलांचा शेवटचा प्रवेश २००६ च्या सुमारासच चित्रित करून ठेवला होता. मधल्या वर्षांत पात्रें वाढलीं, बदललीं. निकाल मात्र जागचा हलला नाहीं. प्रेक्षकांचा संताप रास्तच होता. त्यावर निर्मात्यांनीं काय केलें? त्याच वर्षीं तबकडीवर दुसरा, सुखाचा शेवट विक्रीस काढला. लोकांनीं कारण मागितलें. त्यांना दुसरा निकाल मिळाला.

कोणी म्हणेल, रोज एक भाग पाडणाऱ्या लेखकास कारणांची चिकित्सा करण्यास सवड कोठून? पण हप्त्यांनीं लिहिणें हें कांहीं नवें संकट नव्हे. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षांत कोण घेतो?' ही कादंबरी 'करमणूक' पत्रांतून क्रमशःच प्रसिद्ध झाली. यमूवर कोसळणारी प्रत्येक आपत्ति त्या काळच्या कुटुंबरचनेंतून अटळपणें येते. म्हणून तिच्या दुःखाला 'दुसरा शेवट' सुचविण्याची कोणास छाती होत नाहीं.

हा केवळ कलेचा प्रश्न असता तर आम्ही इतका आग्रह धरला नसता. 'आई कुठे काय करते!' (२०१९–२०२४) या मालिकेंतील अरुंधती नवऱ्याच्या व्यभिचारानंतर घटस्फोट घेते व पुढें आशुतोषशीं विवाह करिते. तीन वाढलेल्या मुलांच्या आईस हें शोभतें काय, असा गदारोळ उठला; उलट पक्षानें तिचा जयजयकार केला. दोन्ही पक्ष निकालावरच भांडले. इतकीं वर्षें घरासाठीं झिजलेल्या बाईचें मन दुसऱ्या संसाराकडे कसें वळतें, तें वळण कोणत्या प्रसंगांत दिसलें, आणि न दिसल्यास लेखकानें तें कां टाळलें, हे प्रश्न विरळाच कोणी केले. पुढें आशुतोषला अपघाताचें मरण आलें. ज्या विवाहावर रण माजलें त्याचा कस लागण्यापूर्वींच तो संपला. अपघात ही कारण देण्याचें टाळण्याची सर्वांत सोपी युक्ति आहे.

पडद्यावरील सुनेविषयीं न्याय करण्याची जी संवय घरांत लागते, तीच शेजारच्या सुनेविषयीं बोलतांना जिभेवर येते. कां, हें न विचारतां शोभतें कीं शोभत नाहीं एवढेंच ठरविणारें घर, उद्यां माहेरीं परतलेल्या आपल्याच लेकीलाहि तोच माप लावील. म्हणून सुविद्य कुटुंबांस आमची विनंति आहे: मालिका अवश्य पाहा, तींवर कडाक्यानें भांडा, वाहिन्यांना पत्रेंहि लिहा, मात्र त्या पत्रांत 'अमक्याला परत आणा' असें न लिहितां 'अमका कां गेला तें दाखवा' असें लिहा. पहिल्या पत्राला उत्तर देणें मालिकाकारांस फार सोपें आहे. दुसऱ्या पत्राला उत्तर द्यावयाचें तर त्यांना लिहावयास शिकावें लागेल.