सुजलेली टॉन्सिल अपराधी नाही

आरशासमोर उभे राहून तोंड मोठे उघडा. पडजिभेच्या दोन बाजूंना बदामासारख्या दोन गाठी दिसतील. ह्याच टॉन्सिल्स. त्या लाल होऊन सुजल्या, आवंढा गिळवेना, की घरात कोणीतरी म्हणतेच, "काढून टाका एकदाच्या!" हा निवाडा फार उतावळेपणाचा आहे, असे मला वाटते.

सूज येते कशी, ते आधी पाहू. तोंडावाटे आणि नाकावाटे आत येणारे जंतू टॉन्सिल्सच्या खोलगट भेगांत अडकतात. जंतूंची चाहूल लागताच तेथील पेशी निरनिराळी रसायने बाहेर सोडतात. हिस्टामिनमुळे बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात आणि पाझरू लागतात. रक्त जास्त आले म्हणून लाली, द्रव पाझरला म्हणून सूज. ल्युकोट्राइन्स आणखी पांढऱ्या पेशींना तेथे बोलावून घेतात. प्रोस्टाग्लँडिन्समुळे मज्जातंतूंची टोके हळवी होतात आणि घसा ठणकतो. इंटरल्युकिन-१ सारख्या द्रव्यांमुळे ताप चढतो. म्हणजे ज्याला आपण दुखणे म्हणतो, त्यातील बराचसा भाग शरीराने स्वतःच उभारलेला बंदोबस्त असतो.

अ‍ॅस्पिरिन शरीरातील प्रोस्टाग्लँडिन्सची निर्मिती रोखते, हे जॉन व्हेन यांनी १९७१ साली दाखवले. १९८२ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. अशा गोळीने ठणका थांबतो. जंतू मात्र मरत नाहीत. (मुलांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय अ‍ॅस्पिरिन घेऊ नये.)

केवळ पाहून निवाडा केला, तर काय होते? न्यूयॉर्कमधील १००० शाळकरी मुलांची पाहणी १९३४ साली प्रसिद्ध झाली. ६११ मुलांच्या टॉन्सिल्स आधीच काढलेल्या होत्या. उरलेल्या ३८९ पैकी १७४ जणांच्या काढाव्यात, असे डॉक्टरांनी सांगितले. बाकीची २१५ मुले दुसऱ्या डॉक्टरांना दाखवली. त्यांनी ९९ निवडली. राहिलेल्या ११६ मुलांतून तिसऱ्या तपासणीत आणखी ५१ निघाली! दर वेळी जवळजवळ निम्मी. निवड खरोखर रोगावरून होत असती, तर एकदा निर्दोष ठरलेल्यांतून पुन्हा तितकीच मुले कशी निघाली असती?

याचा अर्थ शस्त्रक्रिया कधीच करू नये, असा नाही. वर्षातून अनेकदा जोराचा संसर्ग होत असेल, किंवा वाढलेल्या टॉन्सिल्समुळे झोपेत श्वास अडत असेल, तर ती हिताचीच ठरते. बंदोबस्त प्रमाणाबाहेर गेला, तर त्याचाही जाच होतोच.

घसा दुखण्याचे कारण बहुधा विषाणू असतात आणि त्यांच्यावर अँटिबायॉटिक चालत नाही. पण कारण स्ट्रेप्टोकॉकस जंतू असेल, तर हयगय महागात पडते. त्यातून संधिवाताचा ताप येऊन हृदयाच्या झडपा कायमच्या बिघडू शकतात. तेव्हा डॉक्टरांनी दिलेली औषधे बरे वाटले म्हणून मध्येच सोडू नका.

म्हणून पुढच्या वेळी घसा धरला, की "सूज किती?" एवढेच विचारू नका, "सूज कशामुळे?" हेही विचारा. शिक्षकांनीही वर्गात हाच प्रश्न आधी घ्यावा. कारण कळल्यावर गोळी, विश्रांती की शस्त्रक्रिया, हे ठरवणे सोपे जाते.